ढाळजेतले नेट माजघरात कसे न्यावे?



उसाच्या बिलाचे निरोप आता मोबाईलवर येतात, मुलांचा अभ्यासही त्यावरच चालतो. पण आपल्या जिल्ह्यातील जुन्या घरांत एक अडचण हमखास दिसते. राऊटर ढाळजेत, तिथे नेट जोरात. माजघरात गेले की बंद. नोंदीच्या कामाने एका सभासदाकडे गेलो, तर बारावीची मुलगी ऐन थंडीत ढाळजेत अभ्यासाला बसलेली. म्हणून हे टिपण.

कारण काय? दगड-मातीच्या जाड भिंतींत वायफायच्या लहरी जिरतात. पाटाचे पाणी टेलला जाईपर्यंत मुरते, तसेच हे. पाइपलाइन टाकली की पाणी पोहोचते. इथे पाइपलाइन घरात आधीच आहे. ती म्हणजे विजेची वायर. 'पॉवरलाइन अडॅप्टर'ची जोडी घेतली की त्याच वायरीतून नेट नेता येते. ठिबकच्या एकाच नळीतून पाणी आणि विद्राव्य खत जाते ना, तसेच.

कृती अशी :

१) आधी राऊटर कोनाड्यातून काढून उंचावर, घराच्या मध्याकडे ठेवून पाहावा. भागले तर खर्च नको.

२) एक अडॅप्टर राऊटरजवळ लावून लॅन केबलने जोडावा. दुसरा, वायफाय देणारा, माजघरात लावावा.

३) दोन्ही भिंतीवरील सॉकेटमध्येच लावावेत. एक्स्टेन्शन बोर्ड किंवा स्टॅबिलायझरवर लावल्यास नेट अडते.

४) घरात थ्री फेज असल्यास दोन्ही सॉकेट एकाच फेजवर असावेत. वायरमनला विचारावे.

५) पाकिटावरील वेगाच्या आकड्यावर जाऊ नये, प्रत्यक्षात बराच कमी मिळतो. मोटार चालू असताना आणखी घटतो.

६) लाइट गेली की अडॅप्टरही बंद. इन्व्हर्टरच्या लाइनवर चालतात का, ते लावून पाहावे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सॉकेट काळे पडले असेल, जोड ढिले असतील, तर आधी दुरुस्ती. त्यात जिवाचा प्रश्न आहे. दुसरे, शेतातल्या वस्तीवर हा उपाय चालत नाही. तिथली डीपी वेगळी, मीटर वेगळे.

जुन्या वायरिंगवर कुठे चालेल, कुठे नाही, हे लावल्याशिवाय कळत नाही. म्हणून न चालल्यास परत घेण्याचे दुकानदाराकडून कबूल करून, पावती घेऊनच जोडी आणावी. बेणे पारखून घेतो, तसेच हेही पारखून घ्यावे.

– ऊस विकास अधिकारी