गर्भातील जीव आणि पहिले शील : कॅथॉलिक चर्चची शिकवण व धम्माची दृष्टी



पंचशील ग्रहण करताना पहिल्याच शीलात आपण प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे वचन देतो. हे वचन घेतलेल्या नवदीक्षित कुटुंबापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो, परंतु तो विहारात कोणी मोठ्याने विचारीत नाही. आपल्या मायबहिणी तो रोवणीच्या बांधीत, हातपंपावर, हळू आवाजात एकमेकींना विचारतात : पोट पाडणे हे आपल्या धम्मात पाप आहे काय?

या पाठात त्या प्रश्नाचा अभ्यास करावयाचा आहे. सुरुवात मात्र आपण कॅथॉलिक चर्चच्या शिकवणीपासून करू. याला कारण आहे. या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट आणि सर्वांत कठोर उत्तर जगात याच चर्चने दिलेले आहे. शिवाय ही मंडळी आपल्याला परकी नाहीत. १९६२ साली चांद्याला केरळच्या सायरो-मलबार कॅथॉलिकांचे स्वतंत्र धर्मक्षेत्र स्थापन झाले आणि १९७७ साली तेथे बिशपचा धर्मप्रांत झाला. त्यांच्या सिस्टर आपल्याला शाळांतून आणि दवाखान्यांतून भेटतात. शेजाऱ्याचा धर्म ऐकीव माहितीवर जोखू नये. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ साली दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी निरनिराळ्या धर्मांचा कसून अभ्यास केला. तीच रीत आपलीही असावी.

१. चर्च काय सांगते?

चर्चच्या मते गर्भधारणेच्या पहिल्या क्षणापासून गर्भ हा माणूस आहे. माणूस ईश्वराच्या प्रतिरूपात घडविलेला आहे आणि प्रत्येकाचा आत्मा ईश्वर स्वतः निर्माण करतो. जीवन हे ईश्वराचे दान असल्यामुळे ते परत घेण्याचा हक्क ना आईला, ना डॉक्टरला, ना सरकारला. गर्भ तर पूर्णपणे निरपराध. म्हणून जाणूनबुजून केलेला गर्भपात कोणत्याही कारणाने क्षम्य ठरत नाही. बलात्कारातून राहिलेला गर्भही याला अपवाद नाही.

ही शिकवण फार जुनी आहे. ‘दिदाखे’ या ख्रिस्ती धर्माच्या अगदी आरंभीच्या ग्रंथातही गर्भपाताची मनाई आहे. आत्मा गर्भात केव्हा येतो याबद्दल मात्र चर्चमध्ये शेकडो वर्षे मतभेद होते. तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित थॉमस अक्विनास यांच्या मते मानवी आत्मा गर्भ राहिल्यावर काही काळाने येतो. अर्थात गर्भपात हे पापच, असे तेही मानीत. १८६९ साली पोप नववे पायस यांनी शिक्षेच्या बाबतीत आत्मा आलेला आणि न आलेला गर्भ हा भेद काढून टाकला. १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी ‘हुमाने विते’ या पत्रकात गर्भपाताबरोबर कृत्रिम संततिनियमनही निषिद्ध ठरविले. गोळ्या, निरोध, शस्त्रक्रिया हे सर्व त्यात आले. केवळ पाळीचे दिवस पाहून संयम पाळणे तेवढे मान्य केले. १९९५ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘इव्हांजेलियुम विते’ या पत्रकात गर्भपाताचा निषेध पुन्हा ठामपणे केला. मदर तेरेसा यांनी १९७९ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना, गर्भपात हा जगातील शांततेचा सर्वांत मोठा शत्रू आहे, अशा आशयाचे भाषण केले होते.

दोन गोष्टी येथे नीट समजून घ्या. पहिली : आईच्या गर्भाशयाला कर्करोग झाला आणि ते काढताना गर्भ गेला, तर चर्च त्याला गर्भपात म्हणत नाही, कारण हेतू आईच्या रोगावर उपचार करण्याचा होता. दुसरी : जाणूनबुजून गर्भपात करणारी व्यक्ती चर्चच्या कायद्याने बहिष्कृत होते. तरी २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी, पश्चात्ताप झालेल्या स्त्रीला या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला.

सर्व ख्रिस्ती पंथ या बाबतीत एकमताचे नाहीत. इंग्लंडच्या परंपरेतील अँग्लिकन बिशपांनी १९३० सालच्या लँबेथ परिषदेत संततिनियमनाला मर्यादित मान्यता दिली होती. म्हणून “ख्रिस्ती असे म्हणतात” असे सरसकट बोलू नये. कोणता पंथ, हे आधी विचारावे.

२. यात घेण्यासारखे काय?

बांधवांनो, दुसऱ्याच्या धर्मात चांगले दिसले तर ते मान्य करण्यात कमीपणा नाही. चर्च गर्भातील जिवात गरीब-श्रीमंत, मुलगा-मुलगी, धडधाकट-अपंग असा भेद करीत नाही. हा समतेचा विचार आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली फक्त ८९४ होत्या, बीड जिल्ह्यात तर ८०७. गडचिरोलीत हे प्रमाण ९५० च्या वर होते. ज्याला लोक मागासलेला जिल्हा म्हणतात तो या बाबतीत पुढारलेल्यांच्या पुढे आहे. सोनोग्राफी आपल्या गावाजवळ पोचेल तेव्हाही हे प्रमाण टिकले पाहिजे.

३. नियमाचा कायदा होतो तेव्हा

धर्माचा नियम जसाच्या तसा देशाचा कायदा झाला तर काय होते? याचे उदाहरण आयर्लंड या दूरच्या देशात घडले, पण ते बेळगावच्या एका लेकीचे आहे.

सविता हलप्पनवार या एकतीस वर्षांच्या दंतवैद्य. माहेर बेळगावचे, पतीसह आयर्लंडमधील गॉलवे शहरात राहत होत्या. आयर्लंड हा कॅथॉलिक बहुसंख्येचा देश. १९८३ साली तेथील राज्यघटनेत दुरुस्ती होऊन गर्भाच्या आणि आईच्या जिवाला समान हक्क देण्यात आला होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतरा आठवड्यांच्या गरोदर असताना सविताताईंना इस्पितळात दाखल केले. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा त्यांनी गर्भ काढून टाकण्याची विनंती केली. परंतु गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारण्यात आली. हा कॅथॉलिक देश आहे, असे आपण त्यांना म्हणालो होतो, हे तेथील एका परिचारिकेने पुढे चौकशीत कबूल केले. रक्तात जंतुदोष पसरून २८ ऑक्टोबरला सविताताई वारल्या.

न्यायाने बोलायचे तर चौकशीत असेही दिसले की जंतुदोष ओळखण्यात इस्पितळाने उशीर केला. आणि आईपेक्षा गर्भाचा जीव मोठा असे चर्च कधीच शिकवीत नाही, असे आयर्लंडच्या बिशपांनीही जाहीर केले. परंतु नियमाच्या धाकाने डॉक्टर ठोके थांबण्याची वाट पाहत राहिले, ही वस्तुस्थिती उरतेच. २५ मे २०१८ रोजी त्याच देशातील सुमारे ६६ टक्के मतदारांनी मतदान करून ती घटनादुरुस्ती रद्द केली.

४. धम्म काय सांगतो?

आपल्या धम्मात गर्भपाताचा प्रश्न हलका आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. विनयपिटकात मनुष्यवध हा भिक्खूचा तिसरा पाराजिक अपराध सांगितला आहे, म्हणजे तो करणारा भिक्खू संघातून कायमचा जातो. आईच्या कुशीत विज्ञान प्रथम उत्पन्न होते तेथपासून मनुष्यजीव मानावा, असे विनयाचे स्पष्टीकरण आहे आणि गर्भ पाडण्याचे औषध देणारा भिक्खू पाराजिक ठरतो. विनयाचे हे दंड भिक्खूंसाठी आहेत. गृहस्थाला धम्मात बहिष्काराची शिक्षा नाही. पण जीव किती मोलाचा मानला आहे, हे यावरून कळते.

मग चर्च आणि धम्म यांत फरक कोठे? पहिला फरक असा की धम्मात निर्माता ईश्वर नाही आणि अमर आत्मा नाही. त्यामुळे ‘आत्मा केव्हा शिरला’ हा वाद आपल्याकडे नाही. जीव कारणांवर अवलंबून उत्पन्न होतो आणि वाढतो. त्याला दुःख आहे, म्हणून त्याच्याविषयी करुणा हवी. तीच करुणा आईलाही लागू आहे, कारण तीही दुःख भोगणारा जीव आहे.

दुसरा फरक महत्त्वाचा आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी तत्त्व आणि नियम यांतला भेद समजावून सांगितला आहे. तथागतांनी अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले, नियम म्हणून नाही. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करून वागण्याची मोकळीक देते, आणि त्याबरोबर जबाबदारीही देते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ते तेथे दाखवितात. कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत आहे, असे बुद्धवचन आहे. म्हणून केवळ ‘काय केले’ एवढे विचारून भागत नाही. कोणत्या हेतूने केले आणि दुसरा मार्ग होता काय, हेही विचारावे लागते.

अंगुलिमालाची कथा आठवा. भिक्खू झाल्यावर त्याने अडलेली बाळंतीण पाहिली आणि कळवळून तथागतांना सांगितले. तथागतांच्या सांगण्यावरून त्याने तिच्यासाठी सत्यवचन उच्चारले. त्यात त्याने आई आणि गर्भ या दोघांचेही कल्याण चिंतिले. धम्माची दृष्टी हीच आहे. शक्य तेथवर दोघांना वाचवावे. दोघांना वाचविता येत नसेल तर आईला हातचे जाऊ देऊ नये.

५. बाबासाहेबांनी दाखविलेली वाट

गर्भाची काळजी ही आईच्या काळजीपासून सुरू होते, हे बाबासाहेबांनी कृतीने शिकविले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती-भत्त्याच्या विधेयकाला जोरदार पाठिंबा दिला. पुढे ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती कायद्यात सुधारणा झाली. आपल्या कोळसा खाणींच्या जिल्ह्याने हे विसरू नये.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. तो बाबासाहेबांनी तयार केला होता आणि त्यांच्या गैरहजेरीत पी. जे. रोहम यांनी मांडला. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा अधिक मुलाला कोणी तयार झाला नसता, असा त्यांचा रोकडा युक्तिवाद होता. ठरावाच्या बाजूने ११ आणि विरुद्ध ५२ मते पडली. र. धों. कर्वे यांना याच कार्यापायी मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी सोडावी लागली होती. १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला तेव्हा बाबासाहेबच त्यांचे वकील म्हणून उभे राहिले.

येथे आपला आणि चर्चचा मार्ग वेगळा होतो. जो जीव अजून उत्पन्नच झाला नाही त्याची हिंसा होत नाही, म्हणून संततिनियमनाने पहिले शील भंगत नाही. उलट गर्भपाताची वेळच येऊ नये, यासाठी तो सर्वांत चांगला उपाय आहे.

बाबासाहेबांनी गुरू मानलेल्या जोतीराव फुल्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेला दोष देत न बसता त्यांनी तिला गुपचूप बाळंत होण्यास जागा दिली, आणि तेथे जन्मलेल्या यशवंताला स्वतःचा मुलगा केले. जीव वाचवायचा तर आधी आईला आसरा द्यावा लागतो.

६. आपल्या घरात काय करावे?

(अ) मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे ही सरळ प्राणिहिंसा आहे. तेथे गरज कोणतीच नाही, केवळ लोभ आणि द्वेष आहेत. मल्लिका राणीला मुलगी झाली म्हणून पसेनदी राजा खट्टू झाला, तेव्हा मुलगी मुलापेक्षाही श्रेष्ठ निघू शकते, असे तथागतांनी त्याला सांगितले. गर्भाचे लिंग सांगणे आणि विचारणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हाही आहे.

(आ) आईच्या जिवाला धोका असेल, बलात्कार झाला असेल, किंवा अजाण पोरीवर हा प्रसंग आला असेल, तर तिला पापी म्हणू नये. तिला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

(इ) गरिबी किंवा साधन फसल्यामुळे नको असलेला गर्भ राहिला तर निर्णय जड आहे आणि तो त्या स्त्रीचा आहे. सासूने किंवा नवऱ्याने तो लादू नये, पाडण्यासाठीही नाही आणि ठेवण्यासाठीही नाही. १९७१ च्या कायद्याप्रमाणे सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि ठराविक प्रकरणी चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने गर्भपात करता येतो. अविवाहित स्त्रीलाही हा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

(ई) वैदूची मुळी किंवा कोणी आणून दिलेल्या गोळ्या यांनी पोट पाडू नये. त्यात दोन्ही जीव जातात. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या पाहणीत (१९८९) तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना अंगावरचे विकार होते, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. लाजेपायी दुखणे लपविण्याची ही सवय मोडा. आशाताईला आधी सांगा.

(उ) जन्मलेल्या बाळाचाही विचार करा. डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत शिकविलेल्या आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तेथील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली जगासमोर आले. गर्भाबद्दल कळवळा दाखवून गरोदर सुनेला उपाशी कामाला लावणारे घर पहिले शील पाळीत नाही.

(ऊ) जिने हा प्रसंग भोगला तिला टोमणे मारू नका. तिला विहारात मानाने बसवा.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी याच चांद्याच्या भूमीवर बाबासाहेबांनी आपल्या लोकांना दीक्षा दिली. प्रज्ञा, शील आणि करुणा यांची सांगड घालून जगण्याचे वचन त्या बावीस प्रतिज्ञांत आहे. शीलाला प्रज्ञा आणि करुणा यांची जोड नसेल तर काय होते, हे सविताताईंच्या मरणाने दाखविले आहे.

अभ्यासासाठी प्रश्न (रविवारच्या वंदनेनंतर चर्चा करावी)
१. चर्चची भूमिका तिच्याच शब्दांत, चेष्टा न करता, कोणाला सांगता येईल काय?
२. तत्त्व आणि नियम यांतला भेद घरातील एखाद्या उदाहरणाने समजावा.
३. आपल्या गावातील गरोदर माता किती? प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव न नोंदलेल्या किती? पुढील वंदनेपर्यंत यादी करा.

नमो बुद्धाय! जयभीम!