बाळंतिणीच्या मनाचीही निगा



या पानावर आम्ही लागण, खोडवा, हुमणी यांविषयी लिहितो. या वेळी विषय घरातला आहे. शेतकी खात्याच्या माणसाने यात कशाला पडावे, असे कुणी म्हणेल. पण गटागटांतून हिंडताना जे दिसते ते न सांगणे बरे नव्हे.

गेल्या हंगामात ऊस नोंदीसाठी एका वस्तीवर गेलो. नातू झाल्याचे पेढे हातावर पडले. सून मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेली. "पोर रडतंय तरी उठत नाही, आळशी झालीय नुसती," आजी म्हणाल्या. आम्ही चपापलो. आमच्या पहिल्या मुलीच्या वेळी हाच शब्द आम्हीही घरात वापरला होता. त्याची खंत आजही आहे.

म्हणून डॉक्टरांकडून समजून घेतलेले येथे देतो.

१) तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ जणींना होते. विश्रांती व धीर मिळाला की दोन आठवड्यांत निवळते.

२) दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नाही, बाळ झोपले तरी हिला झोप नाही, अन्न गोड लागत नाही, बाळाची ओढ वाटत नाही, जगणे नको वाटते, तर ते नैराश्य समजावे. हा आजार आहे, आळस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे विकसनशील देशांत शंभर बाळंतिणींपैकी सुमारे २० जणींना मानसिक आजार होतो. त्यात नैराश्यच मुख्य.

३) हजारात एक-दोघींना भ्रम होतो. झोप उडते, बाई भलतेच बोलते, नसलेले आवाज ऐकते. याला बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपाऱ्यांत दिवस घालवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, बाळाजवळ तिला एकटी ठेवू नका.

कारणे अनेक. प्रसूतीनंतर शरीरातील संप्रेरके एकदम उतरतात. त्यात जागरण, अंगात रक्त कमी, कधी थायरॉईडचा बिघाड. वर मुलगी झाली म्हणून टोमणे. तोडणीच्या टोळीतली बाई तर माहेरापासून लांब, कोपीत बाळंत होते. तिचीही चौकशी करावी.

ऊस तुटला की सगळ्यांचे लक्ष वजनकाट्यावर असते. जाणता शेतकरी मात्र लगेच बुडखे छाटून खोडव्याला खत-पाणी देतो. बाळाचे वजन जो तो विचारतो. आईला कसे वाटते हे कोण विचारतो?

करायचे ते असे :
• रात्री काही तास बापाने बाळ सांभाळावे. आईला सलग झोप मिळू द्यावी.
• आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात. बाळाबरोबर आईच्या मनाचेही त्यांना सांगावे.
• टेली-मानसचा १४४१६ हा फुकट क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. रात्री-अपरात्री, मराठीत बोलता येते.
• अंगावर पाजताना चालणारी औषधे आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नयेत.

त्या वस्तीवरच्या मंडळींनी सुनेला दवाखान्यात नेले. परवा गेलो तेव्हा बाळाला कडेवर घेऊन तिनेच दार उघडले आणि चहाचे विचारले. एकरी उतारा वाढल्याचा आनंद आम्हाला ठाऊक आहे; हा त्याहून मोठा वाटला.

आपला,
ऊस विकास अधिकारी