समाजमाध्यमांवरील लेखांचें जतन

विद्यार्थिमित्रहो, विठ्ठलवाडी स्थानकावर गाडीची वाट पाहतां पाहतां आपले वडील समाजमाध्यमावर चार ओळी लिहितात. तें अक्षर परक्याच्या भिंतीवरचें. भिंत गेली कीं अक्षरही जातें. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झालें. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें ५९ ॲपांवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होतें, आणि खेड्यापाड्यांतील मराठी माणसांच्या कितीएक चित्रफिती दिसेनाशा झाल्या.

म्हणून आम्ही सुचवितों कीं, जपण्याजोगा लेख संगणकावर ब्राउझरमध्यें उघडावा. ‘आणखी पाहा’ असें असेल तेथें दाबून तो पूर्ण उलगडावा. न उलगडलेला भाग बहुधा साठत नाहीं. मग कंट्रोल व पी हीं बटणें एकदम दाबून पीडीएफ करावी. पान मोडकें उमटल्यास मजकूर निवडून कंट्रोल व सी यांनीं उचलावा आणि कोऱ्या फाइलींत कंट्रोल व व्ही यांनीं ठेवावा. खालीं लेखकाचें नांव, तारीख व पानाचा पत्ता लिहावा. निनावी उताऱ्यास पुराव्याचें मोल नसतें.

मात्र संग्रह करणें निराळें व पसरविणें निराळें. दुसऱ्याचें लिखाण त्याच्या अनुमतीवांचून पुढें धाडूं नये. या सुटींत वडिलांस विचारून त्यांच्या एका तरी लेखाची अशी प्रत करावी.