कायद्याचा जाब कोणी द्यायचा?

संध्याकाळची वेळ होती. अंजनगाव सुर्जीजवळच्या एका खेड्यात प्रौढांचा वर्ग भरला होता. बाया-माणसे शेतातून आली होती. हातपाय धुऊन, वह्या घेऊन बसली होती. एक मावशी मात्र वहीबरोबर घडी घातलेला एक कागद घेऊन आल्या.

"गुरुजी, भावानं हा कागद देल्ला. म्हणे, उद्या सही करून दे. पयले मी अंगठा देत होती. आता अक्षरं येतात. म्हटलं, वाचून पाहू."

"वाचा ना, मावशी," गुरुजी म्हणाले.

मावशींनी बोट ठेवून एकेक अक्षर लावले. "ह-क्क-सो-ड-प-त्र." वर्ग शांत झाला. मावशी पुढे वाचत गेल्या. मग म्हणाल्या, "बापाच्या वावरातला माझा हक्क मी सोडला, असं लिहिलं हाय. पण गुरुजी, मले हक्क हाय, हेच मले ठाऊक नोतं! हा हक्क मले देल्ला कोनं?"

"कायद्याने दिला, मावशी."

"मंग कायदा कोन करते? अन् तो चुकला तं जाब कोनाले पुसायचा?"

गुरुजींनी हातातले पुस्तक मिटले. त्या दिवशी त्यांनी याच प्रश्नाचा धडा सांगितला. तोच धडा आपण वाचू.

राजाचा शब्द

आपल्याच गावापासून सुरुवात करू. १८०३ साली या भागात मोठी लढाई झाली. एका बाजूला इंग्रज होते. दुसऱ्या बाजूला शिंदे आणि भोसले होते. २९ नोव्हेंबरला अडगावला लढाई झाली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. मग ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला. तो सुर्जी-अंजनगावचा तह म्हणून प्रसिद्ध आहे.

या तहाने गंगा-यमुनेमधला दूरचा मुलूख इंग्रजांकडे गेला. तिथल्या रयतेचे राज्य बदलले, कायदा बदलला. पण रयतेला कोणी विचारले का? नाही. सह्या वरच्यांनी केल्या, भोगले खालच्यांनी. चुकीचा जाब विचारायला जागाच नव्हती.

राज्यघटनेचा शब्द

२६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना अमलात आली. ती घटना समितीने तयार केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे मसुदा समितीचे अध्यक्ष होते. आपल्या वऱ्हाडचे डॉ. पंजाबराव देशमुख हेही घटना समितीचे सभासद होते.

घटनेच्या ७५ व्या कलमात एक मोठी गोष्ट सांगितली आहे. सगळे मंत्रिमंडळ मिळून लोकसभेला जबाबदार आहे. राज्याचे मंत्रिमंडळ तसेच विधानसभेला जबाबदार आहे.

जबाबदार म्हणजे काय? सालदार मालकाला कामाचा हिशेब देतो. तसा मंत्री सभागृहाला हिशेब देतो. सभागृहात आपण निवडून दिलेली माणसे बसतात. म्हणजे खरा मालक कोण? मत देणारे तुम्ही-आम्ही.

कायद्याचा मसुदा अधिकारी लिहितात. पण सभागृहात उभे राहून तो मंत्री मांडतो. सभासद शंका काढतात, विरोध करतात, दुरुस्त्या सुचवतात. त्यांना उत्तर मंत्र्यानेच द्यायचे असते. 'अधिकाऱ्याने लिहिले, मला काय ठाऊक?' असे त्याला म्हणता येत नाही.

मंत्र्याने पद सोडले

१९४७ पासून डॉ. आंबेडकर देशाचे कायदेमंत्री होते. त्यांनी हिंदू कोड बिल पुढे आणले. लग्न, घटस्फोट, दत्तक, वारसा यांविषयी एकच कायदा असावा, बायकांना न्याय मिळावा, असा त्याचा हेतू होता. मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा मिळावा, हेही त्यात होते.

मोठा विरोध झाला. सभागृहात झाला, बाहेरही झाला. तेव्हाची संसद हंगामी होती. सर्व प्रौढांच्या मतांनी निवडलेली लोकसभा अजून व्हायची होती. सप्टेंबर १९५१ मध्ये बिलाची चार कलमे मंजूर झाली आणि काम तिथेच थांबले. सरकारने बिल बाजूला ठेवले.

आता कायदेमंत्र्याने काय करावे? मंत्रिमंडळाची जबाबदारी एकत्र असते. आत बसायचे आणि निर्णय आपला नाही म्हणायचे, हे चालत नाही. पटत नसेल तर बाहेर पडावे लागते. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. त्यांनी अनेक कारणे सांगितली. त्यांत हे बिल अडले, हे एक मोठे कारण होते.

मग देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. बायांनी मत दिले, गड्यांनी मत दिले. १९५२ साली नवी लोकसभा बसली. बिलाचे वेगवेगळे भाग करून ते पुन्हा मांडले गेले. या वेळी कायदा मंत्रालयाचे मंत्री हरी विनायक पाटसकर यांनी लोकसभेत बाजू सांभाळली. १९५५ साली हिंदू विवाह कायदा झाला. १९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला. बाप मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलाबरोबर मुलीलाही वाटा मिळू लागला.

पण वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलगी अजून मुलाच्या बरोबरीची नव्हती. महाराष्ट्राने १९९४ साली कायद्यात दुरुस्ती केली. सगळ्या देशासाठी ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला जन्मापासूनच मुलाइतका हक्क मिळाला. लग्न झालेल्या मुलीलाही मिळाला. त्या दिवशी बाप जिवंत नसला तरी मुलीचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मोडत नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे.

मंत्री आणि न्यायाधीश

मागे बसलेल्या एका काकांनी विचारले, "गुरुजी, मंग मंत्र्याले सांगून कोर्टाचा निकाल फिरवता येते काय?"

"नाही, काका. मंत्री कायदा मांडतो, निकाल देत नाही. निकाल न्यायाधीश देतो, आणि तो मंत्र्याच्या हुकुमाखाली नसतो. निकाल पटला नाही तर वरच्या कोर्टात जावे. कायदाच पटला नाही तर आपल्या आमदाराला, खासदाराला सांगावे. तो सभागृहात मंत्र्याला प्रश्न विचारू शकतो. आणि पाच वर्षांनी आपले मत तर आपल्या हातात आहेच."

मावशींनी कागदाची घडी घातली. "गुरुजी, मी भावाशी भांडन नाही करत. तो माह्या पाठचा हाय. पण त्याले म्हनीन, थांब जरा. आधी समजून घेते. वाटा घ्याचा का सोडाचा, ते मंग मी ठरवीन."

"बरोबर आहे, मावशी. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो. मिळकत किती, हे बघत नाहीत. आधी विचारा. सही मागाहून."

दुसऱ्या दिवशी कागद कोराच राहिला. मावशी सातबाराचा उतारा घेऊन तालुक्याला गेल्या.

ध्यानात ठेवा

कायदा मंत्री मांडतो. सभागृह तो मंजूर करते. मंत्रिमंडळ सभागृहाला जबाबदार असते. सभागृह आपल्याला जबाबदार असते.
न वाचता सही करू नका. न समजता हक्क सोडू नका.

शब्दांचे अर्थ

मसुदा – कायद्याचे कच्चे लिखाण.
विधेयक, बिल – मंजूर होण्यापूर्वीचा कायदा.
हक्कसोडपत्र – आपला वाटा सोडल्याचा कागद.

प्रश्न

१. १८०३ च्या तहात आणि आजच्या कायद्यात मोठा फरक कोणता?
२. बाबासाहेबांनी राजीनामा कधी दिला? त्याचे एक कारण सांगा.
३. मंत्री आणि न्यायाधीश यांच्या कामात काय फरक आहे?
४. तुमच्या घरच्या सातबारावर कोणाकोणाची नावे आहेत? उतारा आणून वर्गात वाचा.