जर, तर आणि नाहीतर : संगणकाच्या तक्त्यातील अटींची सूत्रे

इतिहासात जर-तरला स्थान नसते, असे आम्ही इतिहासाचे शिक्षक वर्गात वारंवार सांगतो. घडले ते घडले. घडले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न परीक्षेत विचारला जात नाही. परंतु शाळेच्या कार्यालयात संगणकावर जो तक्ता उघडलेला असतो, त्याचा सारा कारभार जर-तरवरच चालतो. जर गुण पस्तीस किंवा अधिक असतील तर उत्तीर्ण, नाहीतर अनुत्तीर्ण. जर उत्पन्न अडीच लाखांच्या मर्यादेत असेल तर एक योजना, नाहीतर दुसरी. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचे एक वर्ष अशा एका ओळीच्या सूत्रावर अवलंबून असू शकते. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज कार्यालयांत, पतपेढ्यांत, ग्रामपंचायतींत आणि शाळांत असे तक्ते रोज हाताळतात, आणि त्यांतून निघालेल्या याद्या पालकांच्या हाती पडतात. म्हणून स्मरणिकेत आठवणींच्या लेखांसोबत हा एक पाठ द्यावा, असे मनात आले.

प्रथम एक सूचना. सूत्रे येथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे छापली आहेत. यंत्रावर ती रोमन अक्षरांत आणि आंतरराष्ट्रीय अंकांत टाकावी लागतात. त्या अंकांबद्दल आकस धरण्याचे कारण नाही. संविधानाच्या ३४३व्या अनुच्छेदात त्यांना ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ असेच म्हटले आहे. ते इथूनच गेले आणि जग फिरून परत आले. देवनागरी अंक टाकले तर यंत्र त्यांना संख्या म्हणून ओळखेलच, अशी खात्री देता येत नाही.

हा संगणकीय तक्ता मुळात फळ्यावरचा. हार्वर्डच्या व्यवसाय-शिक्षण विद्यालयात शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन याला फळ्यावर आखलेल्या हिशेबाच्या तक्त्यावरून ही कल्पना सुचली. असा तक्ता मांडताना एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. ते काम यंत्राने करावे म्हणून त्याने बॉब फ्रँकस्टन याच्यासह १९७९ साली ‘व्हिसिकॅल्क’ हा कार्यक्रम तयार केला. पुढे १९८५ साली एक्सेल आले. पैसे न भरता वापरता येणारा लिबरऑफिस कॅल्कही आज उपलब्ध आहे, आणि शाळांनी तो वापरण्यास काहीच हरकत नाही. खाली जे सांगितले आहे ते एक्सेल समोर ठेवून सांगितले असले, तरी मूळ तत्त्वे सर्वत्र सारखीच आहेत.

अटीच्या सूत्राचे तीन भाग असतात. पहिली अट, दुसरे अट खरी ठरल्यास द्यायचे उत्तर, तिसरे खोटी ठरल्यास द्यायचे उत्तर. सी स्तंभात शंभरपैकी गुण असतील तर शेजारच्या रकान्यात लिहावे :

=इफ(सी२>=३५,"उत्तीर्ण","अनुत्तीर्ण")

मराठीत हे वाक्य मोठ्याने वाचावे, ही माझी विद्यार्थ्यांना पहिली सूचना असते. ‘जर सी-दोनमधील संख्या पस्तीस किंवा त्याहून अधिक असेल, तर उत्तीर्ण, नाहीतर अनुत्तीर्ण.’ वाचताना ‘किंवा’ हा शब्द आला पाहिजे. बरोबरीचे चिन्ह गाळून केवळ >३५ असे लिहिले, तर नेमके पस्तीस गुण मिळवणारा मुलगा नापास होतो. काठावरच्या मुलाला शाळेच्या मदतीची गरज सर्वाधिक असते, आणि सूत्रातील चूक सर्वांत आधी त्यालाच गाठते. तिसरा भाग गाळला तर यंत्र त्या जागी ‘फॉल्स’ हा इंग्रजी शब्द छापते. गुणपत्रकावर स्वतःच्या नावापुढे तो वाचणाऱ्या मुलाने काय समजावे?

येथपर्यंतचे कोणत्याही पुस्तकात सापडते. खरी गोम पुढे आहे.

परीक्षेला न आलेल्या मुलापुढे आपण ‘गैरहजर’ असे लिहितो. वरील सूत्र त्या रकान्याला लावा. उत्तर येते ‘उत्तीर्ण’. कारण एक्सेलमध्ये मजकूर आणि संख्या यांची तुलना झाली, तर मजकूर नेहमी मोठा मानला जातो. ‘गैरहजर’ हा शब्द पस्तीसपेक्षा मोठा! उलट, एखाद्या मुलीची उत्तरपत्रिका तपासायची राहिली म्हणून रकाना रिकामा असेल, तर रिकाम्या जागेला यंत्र शून्य मानते आणि तिला ‘अनुत्तीर्ण’ ठरवते. एकच सूत्र, परीक्षा न दिलेला पास आणि दिलेली नापास. आणि दोन्हीकडे यंत्र चुकलेले नाही. आपण त्याला दोनच उत्तरे शिकवली होती, म्हणून त्याने त्या दोहोंपैकी एक दिले. यासाठी तिसरे उत्तर हवे :

=इफ(इझनंबर(सी२),इफ(सी२>=३५,"उत्तीर्ण","अनुत्तीर्ण"),"तपासा")

‘इझनंबर’ हे कार्य रकान्यात खरोखर संख्या आहे का, एवढेच पाहते. नसेल तर निकाल द्यायचा नाही, माणसाने तपासायचे. माझ्या मते शाळेच्या कोणत्याही तक्त्यात ‘तपासा’ हे उत्तर असलेच पाहिजे. आपले कोकण विभागीय मंडळ दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात अग्रस्थानी असते. इतक्या उंच टक्केवारीत मागे राहणारी मुले थोडी असतात, आणि म्हणूनच त्यांपैकी प्रत्येकाचे नाव वेगळे पाहणे शाळेला सहज शक्य असते.

श्रेणी लावताना एका सूत्राच्या पोटात दुसरे घालावे लागते. टक्केवारी डी स्तंभात असल्यास :

=इफ(डी२>=७५,"विशेष प्रावीण्य",इफ(डी२>=६०,"प्रथम श्रेणी",इफ(डी२>=४५,"द्वितीय श्रेणी",इफ(डी२>=३५,"उत्तीर्ण श्रेणी","अनुत्तीर्ण"))))

यंत्र डावीकडून वाचते आणि जी अट पहिल्यांदा खरी ठरेल तिथेच थांबते. म्हणून वरून खाली यावे. कोणी पस्तीसची अट आधी लिहिली, तर नव्वद टक्के मिळवणारी मुलगीही ‘उत्तीर्ण श्रेणी’त जाऊन बसते, कारण नव्वद हे पस्तीसपेक्षा अधिकच आहेत. शेवटी जितके ‘इफ’ तितके कंस मिटवावे लागतात. ते बोटाने मोजावेत.

आता पैशाचा प्रश्न. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. आज या शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २,५०,००० रुपये आहे. आपल्या दहावी झालेल्या मुलांची यादी करताना कार्यालयात बहुधा ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी दोन उत्तरे लिहिली जातात. हे ‘अपात्र’ मला खटकते. उत्पन्न मर्यादेबाहेर गेले, तरी महाराष्ट्रात मान्य अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची ‘फ्रीशिप’ मिळू शकते. निर्वाह भत्ता तेवढा मिळत नाही. ज्या पालकाला ‘अपात्र’ असे सांगितले जाते, तो पुढे अर्जच करत नाही. म्हणून तिसऱ्या भागात पुढची वाट लिहावी :

=इफ(इझनंबर(ई२),इफ(ई२<=$एच$१,"शिष्यवृत्ती","फ्रीशिप"),"तपासा")

येथे अडीच लाख हा आकडा सूत्रात दिसत नाही. तो एच-एक या वेगळ्या रकान्यात, ‘उत्पन्न मर्यादा’ अशा शीर्षकासह लिहिलेला आहे. डॉलरच्या चिन्हांमुळे सूत्र खाली ओढले तरी पत्ता बदलत नाही. मर्यादा बदलली की एक रकाना बदलायचा. मतदानाचे वय संविधानाच्या मूळ ३२६व्या अनुच्छेदात २१ होते आणि १९८८च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ते १८ झाले. दुरुस्ती झाली एका आकड्याची, आणि तो सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. शंभर सूत्रांच्या पोटात दडवलेल्या आकड्यावर चर्चाही होत नाही आणि तो वेळेवर बदललाही जात नाही.

या स्तंभात आणखी एक खड्डा आहे, आणि तो अगदी आपल्या मातीतला आहे. रक्कम लिहिताना पुढे ‘/-’ अशी खूण करण्याची आपल्याला सवय आहे. पावतीवर ती योग्य असते, कारण पुढे कोणी आकडा वाढवू शकत नाही. पण तक्त्यात २४००००/- असे टाकले की यंत्राच्या लेखी तो मजकूर झाला, आणि मजकूर अडीच लाखांपेक्षा मोठाच! ‘इझनंबर’ नसेल, तर नेमका गरजू मुलगा यादीबाहेर जातो. डोळ्यांनी ओळखण्याची खूण सोपी आहे. संख्या रकान्यात आपोआप उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. उत्पन्नाच्या स्तंभात डावीकडे चिकटलेली रक्कम दिसली की समजावे, ती मोजली जात नाही.

रिकाम्या रकान्यामागे तर घरची परिस्थिती असते. वडील मुंबईत, आई गावी. जूनच्या पावसात मालवणला तहसील कचेरीत दाखल्यासाठी खेटे. समुद्रावर कामाला जाणाऱ्यांची जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद. दाखला उशिरा येतो. तोवर रिकामा रकाना शून्य धरला जाऊन नाव ‘शिष्यवृत्ती’त दिसते, सगळे निश्चिंत राहतात, आणि अर्जाची मुदत संपताना कागदच नाही असे उघडकीस येते.

दोन किंवा अधिक अटी जोडण्यासाठी ‘अँड’ आणि ‘ऑर’ ही कार्ये आहेत. ‘अँड’मध्ये सर्व अटी खऱ्या हव्यात, ‘ऑर’मध्ये एक पुरते. यांचे सर्वांत बोलके उदाहरण मला कायद्यात दिसते. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने असे ठरवले, की हिंदू धर्माव्यतिरिक्त अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. अपवाद होता तो शिखांतील काही मोजक्या जातींचा. १९५६ साली त्यात सरसकट ‘शीख’ हा शब्द आला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली, आणि ज्यांनी ती घेतली ते केंद्राच्या या सूत्राबाहेर पडले. महाराष्ट्राने १९६० साली राज्य स्थापन झाल्यावर नवबौद्धांच्या सवलती चालू ठेवल्या, परंतु केंद्राच्या आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द येण्यास १९९० साल उजाडले. तक्त्याच्या भाषेत सांगायचे, तर जातीच्या अटीशी ‘अँड’ने जोडलेल्या या भागात

ऑर(बी२="हिंदू",बी२="शीख")

याच्या जागी

ऑर(बी२="हिंदू",बी२="शीख",बी२="बौद्ध")

एवढाच फरक झाला. त्या एका शब्दासाठी चौतीस वर्षे गेली. दरम्यान किती मुले दहावी-बारावी होऊन, केंद्राच्या नोकरीचे वय ओलांडून गेली असतील, ते वाचकांनी आपापल्या घरांतून आठवून पाहावे.

शब्द जुळण्याचा प्रश्न आजही संपलेला नाही. मात्र आता तो आपल्या हातात आहे. बरोबरीची अट अक्षर न् अक्षर पाहते. एका शिक्षकाने ‘बौद्ध’ लिहिले, दुसऱ्याने ‘बौध्द’, तिसऱ्याने ‘नवबौद्ध’, चौथ्याने ‘बौद्ध’ लिहून पुढे नकळत एक मोकळी जागा सोडली, तर यंत्रासाठी हे चार धर्म झाले. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकात भरलेली यादी आणि युनिकोडमधील यादी पडद्यावर सारखी दिसली, तरी आतून सर्वस्वी भिन्न असते. अशा यादीवर

=काउंटइफ(बी२:बी२०१,"बौद्ध")

हे मोजणीचे सूत्र चालवले, तर उत्तर खऱ्यापेक्षा कमी येते, आणि कमी आल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. रकान्यात काय लिहिले जाते याचे महत्त्व आपल्या समाजाने जनगणनेत अनुभवले आहे. महाराष्ट्रात १९५१च्या जनगणनेत बौद्धांची संख्या २,४८७ होती, ती १९६१ साली २७,८९,५०१ झाली. लोकांनी धर्माच्या रकान्यात ठरवून तो शब्द लिहवून घेतला, म्हणून ती मोजली गेली. तक्त्यात यावर उपाय असा : ‘डेटा व्हॅलिडेशन’मध्ये जाऊन त्या स्तंभासाठी शब्दांची यादी आधीच ठरवून द्यावी. मग भरणाऱ्याला टंकलेखन करावे लागत नाही, यादीतून शब्द निवडता येतो. आधीच भरलेल्या यादीतील मोकळ्या जागा ‘ट्रिम’ या कार्याने निघतात. ‘बौध्द’चा मात्र शोध घेऊनच बदल करावा लागतो.

अटीनुसार रंग देण्याची सोयही आहे, आणि ती पुष्कळांना आवडते. पस्तीसच्या खालील गुण तांबडे करून तो कागद सूचनाफलकावर लावणे मात्र मला मान्य नाही. वसतिगृहात मूल चोवीस तास त्याच सवंगड्यांत असते. त्याला घरी जाऊन तोंड लपवता येत नाही. रंग द्यायचाच तर ‘तपासा’ या उत्तराला पिवळा द्यावा, म्हणजे कार्यालयाला आपले उरलेले काम दिसत राहील.

नवीन सूत्र दोनशे नावांना लावण्यापूर्वी तक्त्याच्या वर पाच काल्पनिक ओळी भराव्यात. गुणांच्या स्तंभात एकीत ३५, दुसरीत ३४, तिसरीत ‘गैरहजर’, चौथी रिकामी, पाचवीत ४०/-. उत्पन्नासाठीही तसेच, त्यात एक ओळ नेमकी २५०००० ची असावी. काय उत्तर यायला हवे ते आधी कागदावर हाताने लिहावे, मग पडद्याकडे पाहावे. पाचही जुळली की त्या ओळी पुसाव्यात आणि सूत्र खाली ओढावे.