सगळे तिकडेच निघालेत म्हणून?

अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप राउंडची यादी लागली की फोन सुरू होतात आणि प्रश्न एकच असतो, "सर, कॉम्प्युटर मिळत नाहीये, एआय-डेटा सायन्स तरी घेऊन टाकू ना?" मुलीला काय आवडतं असं विचारलं की पलीकडे शांतता.

केवळ सगळे घेताहेत म्हणून घेणार असाल, तर घेऊ नका. एखाद्या निवडीतून काय मिळेल, हे तीच निवड आणखी किती जण करतात यावरही ठरतं. उत्क्रांतीवादी गेम थिअरी हे अख्खं शास्त्र याच विचारावर उभं आहे. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ मध्ये प्राण्यांच्या झुंजींचं गणित मांडलं. सगळेच आक्रमक झाले, तर आक्रमकपणा तोट्याचा ठरतो. मेनार्ड स्मिथ मूळचे विमान अभियंते; जीवशास्त्र ते नंतर शिकले.

माणसं स्वार्थ सोडून सहकार्य का करतात, हेही याच गणिताने तपासता येतं. सहकार्य करायचं की दगा द्यायचा, अशा खेळात रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड यांनी संगणक-प्रोग्रामची स्पर्धा घेतली. जिंकला अनातोल रॅपोपोर्ट यांचा सर्वांत साधा प्रोग्राम: आधी सहकार्य करा, मग समोरचा वागेल तसं वागा. हाच प्रश्न आपल्याकडेही आहे: हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी बोअरवेल बंद केल्या. शेजारी चोरून पाणी उपसेल ही धास्ती असताना असा नियम गावं कशी टिकवतात? असे प्रश्न समीकरणांत मांडणारी मुलं आपल्याला हवी आहेत. लसीकरण, जंगल, मासेमारी, सगळीकडे हाच पेच आहे.

या विषयाकडे जायच्या वाटा आहेत. पुण्याच्या आयसरचा पाच वर्षांचा बीएस-एमएस, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, साधं गणितातलं बीएस्सीसुद्धा.

पण त्यांतल्या बऱ्याच वाटा पालकच अकरावीत बंद करतात. 'नीट'ला वेळ मिळावा म्हणून गणित सोडायला लावतात, नाहीतर जेईईसाठी जीवशास्त्र. ज्या मुलीला दोन्ही आवडतात, तिच्यावर हा सरळ अन्याय आहे. पंधराव्या वर्षी तिचा अर्धा मेंदू बंद करण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला? क्लासवाले काय म्हणतात ते बाजूला ठेवा आणि दोन्ही विषय राहू द्या.

हा मार्ग लांबचा आहे. पीएचडी होईपर्यंत पंचविशी उलटते, तोवर हातात फेलोशिपच. घरावर कर्ज असेल, तर तिला अकरावीतच आकडे दाखवून सांगा. बारावीच्या निकालानंतर नको.