टॉन्सिल : काढावेत की राखावेत?

टेंभुर्णीच्या वस्त्यांत आम्ही फिरतो तेव्हा माताभगिनी विचारतात, “लेकराच्या घशातल्या गाठी काढून टाकू का?” घाई नको. टॉन्सिल आणि नाकामागचे अ‍ॅडेनॉइड लहानपणी जंतूंशी लढतात. अ‍ॅडेनॉइड मोठेपणी आपोआप आक्रसतात.

मात्र वर्षात 7 वेळा, किंवा सलग दोन वर्षे 5-5 वेळा घसा सुजून ताप आला, मूल रोज घोरते, झोपेत श्वास अडकतो, तर सोलापूरच्या सिव्हिलमध्ये नाक-कान-घसा विभागात दाखवा. गाठी काढल्याने प्रतिकारशक्ती संपत नाही. बाकीचे शरीर ते काम सांभाळते.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण दिवस द्या. काही जंतूंचा घसा अर्धवट बरा राहिला, तर पुढे हृदयाच्या झडपा बिघडू शकतात. अंगारा-दोरा नको. कालाम सुत्ताची शिकवण हीच : ऐकीव नको, तपासून घ्या. जय भीम!